गिम्प आणि जीमिक वापरून छायाचित्राचे रंगचित्र : काही महिन्यांचा अनुभव

छायाचित्राला तैलरंगाचे किंवा जलरंगाचे रूप देण्यासाठी मी गेले अनेक महिने प्रामुख्याने गिम्प हे प्रतिमा-संपादनाचे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडता येणारे जीमिक हे प्लगइन वापरत आहे. दोन्ही मोफत आणि मुक्तस्रोत आहेत, तसेच विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींवर चालतात. यांतून उत्तम चित्र मिळू शकते याबद्दल मला आता शंका उरलेली नाही. मात्र ते ‘आर्टिस्टिक’ मेनूतील एखाद्या फिल्टरवर (प्रतिमेला ठरावीक परिणाम देणाऱ्या आज्ञेवर) एकदा क्लिक करून मिळत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. कॅमेरा चौकटीतील प्रत्येक गोष्ट सारख्याच आस्थेने टिपतो, तर चित्रकार बहुतेक गोष्टी सोडून देतो, आणि काय सोडायचे याचा निर्णय कोणताही फिल्टर आपल्या वतीने घेत नाही.

बहुतेकांची सुरुवात गिम्पमधील ऑइलिफाय या फिल्टरपासून होते. हा फिल्टर प्रत्येक पिक्सेलभोवतीचा एक लहान प्रदेश पाहतो, त्यातील पिक्सेलची उजळपणानुसार गटवारी करतो आणि ज्या गटात सर्वाधिक पिक्सेल पडतात त्या गटाच्या रंगाकडे मधल्या पिक्सेलला झुकवतो. त्यामुळे बारीक तपशील गळून पडतात, रंगांचे सपाट तुकडे तयार होतात आणि ठळक कडा बऱ्यापैकी शाबूत राहतात. अडचण अशी की हा प्रदेश सगळीकडे सारख्याच आकाराचा असतो, म्हणून तयार होणाऱ्या तुकड्यांना दिशा नसते. कुंचला गालाच्या गोलाईवरून वळतो, केसांच्या बटेबरोबर खाली उतरतो आणि पाण्यावर आडवा फिरतो. ऑइलिफायच्या लेखी गाल, केस आणि पाणी यांत काहीच फरक नाही. एकट्या ऑइलिफायने केलेले चित्र रंगवल्यासारखे न दिसता ओल्या काचेतून पाहिल्यासारखे दिसते ते यामुळेच.

माझ्या कामात त्याची जागा लवकरच जीमिकमधील कुवाहारा फिल्टरने घेतली. मिचियोशी कुवाहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलेली ही पद्धत मुळात हृदयाच्या वैद्यकीय प्रतिमांतील नॉइज (नको असलेला दाणेदारपणा) कमी करण्यासाठी होती. तिच्यात पिक्सेलभोवतीच्या प्रदेशाचे चार भाग पाडतात, ज्या भागात रंगांचा चढउतार सर्वांत कमी आहे तो निवडतात आणि त्याची सरासरी मधल्या पिक्सेलला देतात. कडेच्या अलीकडचा पिक्सेल अलीकडच्या रंगात मिसळतो, पलीकडचा पलीकडच्या. कड पुसट न होता आतला भाग सपाट होतो, आणि जाड रंगाने भरल्याचा भास तिथूनच निर्माण होतो. साध्या कुवाहारात चौकोनी तुकड्यांची खूण राहते. ती घालवण्यासाठी मी त्यानंतर जीमिकमधील ‘स्मूद अनायसोट्रॉपिक’ हलक्या प्रमाणात चालवतो. हा फिल्टर प्रतिमेतील रेषांचा कल ओळखून त्या कलाच्याच दिशेने रंग पसरवतो, त्यामुळे केस, कापडाच्या चुण्या आणि झाडाची साल यांवर कुंचल्याच्या फटकाऱ्यांसारखा ओघ येतो. प्लगइन बसवण्याची इच्छा नसेल तर गिम्पमधलेच ‘सिमेट्रिक नियरेस्ट नेबर’ आणि ‘मीन कर्व्हेचर ब्लर’ हे दोन फिल्टर पाहावेत. ते आर्टिस्टिक मेनूत नसल्यामुळे अनेकांच्या नजरेतून सुटतात.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा : फिल्टरमधील त्रिज्या, म्हणजे तो प्रत्येक पिक्सेलभोवती किती अंतरापर्यंत पाहतो ते मूल्य, पिक्सेलमध्ये मोजली जाते, चित्राच्या प्रमाणात नव्हे. चोवीस मेगापिक्सेलचे छायाचित्र साधारण ६००० बाय ४००० पिक्सेलचे असते. त्यावर ८ पिक्सेलची त्रिज्या ठेवून फिल्टर चालवला आणि नंतर चित्र पडद्यासाठी १५०० पिक्सेल रुंदीचे केले, तर त्या त्रिज्येचा परिणाम जेमतेम २ पिक्सेलएवढा उरतो, म्हणजेच सगळी मेहनत अदृश्य होते. याउलट आधी चित्र लहान करून तीच ८ पिक्सेलची त्रिज्या दिली तर चेहऱ्याचा चिखल होतो. इतरांनी सुचवलेली फिल्टरची मूल्ये आपल्या छायाचित्रावर जुळत नाहीत, याचे मुख्य कारण हेच असते. ती मूल्ये किती पिक्सेलच्या चित्रासाठी होती हे क्वचितच कोणी सांगते. म्हणून मी प्रथम अंतिम आकार ठरवतो. ३० सेंटिमीटर रुंद छपाई इंचाला ३०० पिक्सेल या दराने करायची असेल तर सुमारे ३५४३ पिक्सेल लागतात. तेवढ्याच आकारावर काम करतो आणि पुढे तो आकार बदलत नाही. पडदा शंभर टक्क्यांवर ठेवूनच परिणाम तपासावा, कारण आक्रसलेल्या दृश्यात सगळीच चित्रे गोजिरवाणी दिसतात.

फिल्टरपूर्वीची तयारी दुर्लक्षित राहते. कॅमेऱ्याने किंवा फोनने आपणहून केलेले शार्पनिंग (कडा धारदार करणे) विशेष उपद्रवी असते, कारण कडांभोवती आलेली पांढुरकी किनार फिल्टरला खरी रेषा वाटते आणि तो ती आणखी ठळक करतो. शक्य असल्यास रॉ फाइलवरून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवरून) शार्पनिंगविना काम करावे. अंधाऱ्या भागातील नॉइजही आधीच काढावा, अन्यथा त्यातून चित्रविचित्र रंगांचे ठिपके उगवतात. सावल्या थोड्या उजळ कराव्यात. निव्वळ काळ्या भागात फिल्टरला खेळवायला काहीच नसते.

या पद्धतीचा गाभा लेअर (एकावर एक ठेवलेले चित्राचे थर) आणि मास्क (थराचा कोणता भाग दिसावा हे ठरवणारे आवरण; काळे झाकते, पांढरे उघडते) यांत आहे. सर्वांत खाली मोठ्या त्रिज्येचा, जवळजवळ आकारच उरतील असा लेअर ठेवावा, त्यावर मध्यम त्रिज्येचा आणि सर्वांत वर लहान त्रिज्येचा. वरच्या दोन लेअरना काळे मास्क द्यावेत, आणि जिथे तपशील हवा तिथे मऊ ब्रशने पांढरा रंग भरत तो उघडा करावा. मोठ्या फटकाऱ्यांनी सुरुवात करून गरज असेल तिथेच बारीक फटकारे द्यायचे ही क्रमवारी चित्रकारांचीच आहे, आणि संगणकशास्त्रज्ञ आरन हर्ट्झमन यांनी १९९८ मध्ये मांडलेली संगणकीय चित्रणाची पद्धतही याच तत्त्वावर उभी आहे. व्यक्तिचित्रात मी सर्वांत वरचा लेअर डोळे, ओठांचे कोपरे, नाकपुड्यांची कड आणि हात दिसत असल्यास बोटे एवढ्यापुरताच उघडतो. कपडे आणि पार्श्वभूमी खालच्या लेअरवरच राहू देतो. या एका शिस्तीने जो फरक पडतो तो कोणत्याही स्लायडरने पडत नाही. मास्क रंगवताना माउसपेक्षा ग्राफिक टॅबलेट सोयीचे, पण ते नसल्याने काम अडत नाही.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिम्प ३.० या आवृत्तीने ही प्रक्रिया बरीच सुसह्य केली. ऑइलिफायसारखे अंगभूत फिल्टर आता लेअरवर वेगळे राहतात आणि त्यांची मूल्ये केव्हाही बदलता येतात. जीमिकला मात्र ही सोय लागू होत नाही, कारण प्लगइनचा परिणाम थेट पिक्सेलवर उतरतो. त्यामुळे जीमिकच्या खिडकीत परिणाम नवीन लेअरवर घेण्याचा पर्याय निवडून ठेवावा आणि मूळ लेअरला हात लावू नये. जीमिकचे काही फिल्टर मोठ्या चित्रावर रेंगाळतात. छोटा भाग निवडून त्यावर चाचणी घेणे हाच त्यावरचा व्यवहार्य उपाय आहे.

गिम्प्रेशनिस्ट हे गिम्पमधील जुने प्लगइन दिसायला अनाकर्षक आहे, प्रीव्ह्यू तर नखाएवढा, तरीही मला ते आवडते. त्यात ब्रशचा आकार, कागदाचा पोत, फटकाऱ्यांची दिशा आणि त्यांच्या आकारमानातील फरक हे सर्व वेगवेगळे ठरवता येते. दिशा तर स्वतः बाण मांडून नियंत्रित करता येते. आकाश आणि पाणी यांसाठी मी तेच वापरतो. चेहऱ्यावर त्याचे फटकारे नाक-डोळ्यांची रचना पाळत नाहीत, त्यामुळे तिथे टाळतो.

पोताबद्दल माझे मत जरा कडक आहे. ‘अप्लाय कॅनव्हास’ हा कॅनव्हासची वीण उमटवणारा फिल्टर संपूर्ण चित्रावर चालवणे ही नकलीपणाची सर्वांत मोठी खूण आहे, कारण जाड रंगाखाली कॅनव्हासची वीण झाकली जाते आणि ती पातळ थरातूनच डोकावते. इथे मात्र ती आकाशावर आणि कपाळावर सारखीच बसते. त्याऐवजी तयार चित्राची एक प्रत करावी, तिचे रंग काढून तिच्यावर एम्बॉस (उठावाचा भास देणारा फिल्टर) चालवावे आणि तो लेअर ओव्हरले मोडमध्ये (खालच्या थराच्या उजेड-सावलीत मिसळणाऱ्या पद्धतीत) पंधरा-वीस टक्के अपारदर्शकतेवर ठेवावा. उंचवटे चित्रातील फटकाऱ्यांवरूनच येत असल्याने रंगाचा थर खरा वाटतो. एम्बॉसमधील प्रकाशाची दिशा छायाचित्रातील प्रकाशाशी जुळवण्याची गरज नाही. तो प्रकाश चित्र टांगलेल्या खोलीचा असतो, चित्रातल्या दृश्याचा नव्हे.

तुलनेपुरते सांगायचे तर फोटोशॉपचा ऑइल पेंट फिल्टर फटकाऱ्यांना अधिक वळणदार ओघ देतो. २०१२ च्या सीएस ६ या आवृत्तीत तो मेनूत आला, मध्यंतरी एका आवृत्तीतून गायब झाला आणि पुढे परतला. त्याचा ओघ इतका एकसारखा असतो की सरावलेल्या नजरेला तो लगेच ओळखू येतो. मास्कची गरज तिथेही तेवढीच भासते. २०१५ नंतर आलेली न्यूरल स्टाइल ट्रान्सफरची साधने एखाद्या चित्राची शैली छायाचित्रावर उतरवतात, आणि परिणाम क्षणभर थक्क करणारा असतो, पण कोणता तपशील कुठे राखायचा हे त्यांना पटवून देणे कठीण जाते.

छायाचित्राची निवड करताना एका बाजूने येणारा प्रकाश आणि सावलीचे मोठे, स्पष्ट भाग पाहावेत. डोक्यावरच्या उन्हातले दृश्य, दाट पानांची झाडी किंवा गर्दी यांवर फिल्टर किती चांगला याने फारसा फरक पडत नाही, कारण तिथे सपाट होण्याजोगे मोठे आकारच नसतात.

काम पूर्ण झाल्यावर सर्व लेअरसह एक्ससीएफ (गिम्पच्या स्वतःच्या स्वरूपातील) फाइल जपून ठेवावी, आणि जेपेग काढताना गुणवत्ता ९० च्या खाली नेऊ नये, कारण जास्त संकोचनात आधी मऊ छटांमध्ये चौकटी दिसू लागतात. छपाईसाठी मॅट कागद घ्यावा. चकचकीत कागदावर खोलीतला खरा प्रकाश आणि एम्बॉसने काढलेली खोटी झळाळी यांचे पटत नाही. चकचकीतच कागद वापरायचा असल्यास एम्बॉसचा लेअर निम्म्यावर आणावा.