जेनेटिक टेस्ट: आधी एक तारा दिला होता, आता तीन देतो

मुलीचा खांदा वेणी घालतानाही निसटतो. नागपूरच्या धंतोलीतल्या हाडांच्या डॉक्टरांनी बायटन स्कोअर, म्हणजे सांधे किती जास्त वाकतात याचे गुण, काढला, नऊपैकी आठ, आणि एहलर्स-डॅनलॉस (ईडीएस) या सांधे सैल करणाऱ्या आनुवंशिक आजाराचं पॅनेल, म्हणजे अनेक जनुकांची एकत्र तपासणी, करायला सांगितलं. थेट रिपोर्टवर येतो.

ईडीएसच्या जनुकांत काहीच नाही. बदल सापडला तो एफबीएन१ या जनुकात, शेरा व्हीयूएस, म्हणजे बदलाचा अर्थ अनिश्चित. एफबीएन१ म्हणजे मार्फन हा आनुवंशिक आजार आणि मार्फन म्हणजे महाधमनी, हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी, फुगून फाटण्याची भीती, एवढं गूगलने पाच मिनिटांत शिकवलं. घरात त्या रात्री कोणी धड जेवलं नाही.

माझा खरा राग वेगळाच आहे. पहिल्या पानावर जनुकाचं नाव लाल चौकटीत, ठळक. आणि ‘या बदलावरून उपचाराचा निर्णय घेऊ नये’ हे शेवटून दुसऱ्या पानावर, भिंग लागेल अशा अक्षरात. एवढ्या पैशात घरात एसी लागला असता बाप्पा! सगळ्यात कामाचं वाक्य लपवून काहून ठेवता? लॅबला मेल केला, तर ‘फॉरमॅट ठरलेला आहे’ असं उत्तर.

मोफत समुपदेशन म्हणजे आलेला रिपोर्ट फोनवर वाचून दाखवणं. भांडलो तेव्हा दुसऱ्या मॅडम मिळाल्या आणि त्यांनी नीट समजावलं. जगभरच्या डेटाबेसमध्ये आपल्याकडचे नमुने कमी, त्यामुळे इथला साधा बदलही तिथे दुर्मिळ, म्हणून संशयास्पद, दिसू शकतो. शिवाय २०१७ च्या वर्गीकरणातल्या ईडीएसच्या १३ प्रकारांपैकी सर्वांत जास्त आढळणाऱ्या हायपरमोबाइल प्रकाराचं जनुकच अजून सापडलेलं नाही. तो रुग्णाला तपासूनच ठरवतात. मग पैसे कायचे घेऊन राहिले?

तर व्हॅस्क्युलर प्रकारासाठी. त्यात रक्तवाहिन्या फुटू शकतात. त्याचं सीओएल३ए१ जनुक स्वच्छ निघालं, ती चिंता बरीचशी गेली. वाढवलेले दोन तारे याचे.

मार्फनच्या शंकेसाठी मुलीचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. महाधमनीचं मूळ नॉर्मल, मार्फनमध्ये सरकू शकतं ते डोळ्यातलं भिंग जागेवर. दोन्ही मिळून पॅनेलच्या मानाने किरकोळ खर्च. मग आम्हा दोघांचे नमुने मागितले, अर्थात वेगळे पैसे. तोच बदल माझ्यात निघाला. मार्फनवाले बहुधा उंच असतात; मी पन्नाशीचा, उंची पाच फूट चार, माझाही इको साफ. पारडं निरुपद्रवीकडे झुकतं, पण मार्फन एकाच घरात कमीजास्त दिसतो, म्हणून शेरा तोच राहिला. आधी फक्त माझा नमुना लावला असता तर बायकोचे पैसे वाचले असते. परत मागितले, नाही मिळाले.

मुलीचे खांद्याचे व्यायाम फिजिओकडे चालू आहेत, निसटणं कमी झालंय. त्याचा या रिपोर्टशी काडीचा संबंध नाही.

वर्षभराने पुनर्विश्लेषण मोफत, असं मेलवर लिहून घेतलंय. तेव्हा बिल आलं तर दोन्ही तारे परत काढीन.