पिल्लांचा पहिला घास: रोटिफर, कोपेपॉड की आर्टेमिया?

समुद्री माशाच्या पिल्लाला मुदत असते ती बलकाची पिशवी संपेपर्यंत. तोंडात मावेल असं खाद्य तोवर टाकीत नसेल, तर थोड्याच दिवसांत पिल्लू इतकं अशक्त होतं की पुढे खाद्य आलं तरी टिपत नाही. म्हणून आधी तोंडाचं माप बघा, पोषण नंतर.

रोटिफर हा पाण्यातला सूक्ष्म प्राणी. मोठ्या जातीचा साधारण १३० ते ३४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छोट्या जातीचा १०० ते २१०. पोहतो संथ, त्यामुळे नवख्या पिल्लालाही सापडतो. टाकीत मिलीलीटरला ५ ते २० ठेवतात. खोट एकच, पण मोठी: तो जे खातो तेच पिल्लाला मिळतं. नुसत्या यीस्टवर पोसलेला रोटिफर पोट भरतो, डीएचए (पिल्लांना लागणारं ओमेगा-३ मेदाम्ल) देत नाही. मग पिल्लं खातात आणि तरीही मरतात. चपट्या माशांचा रंग बिघडतो. नॅनोक्लोरोप्सिस या शैवालात ईपीए (दुसरं ओमेगा-३ मेदाम्ल) भरपूर, डीएचए नावालाच. म्हणून रोटिफरला आयसोक्रायसिस हे शैवाल किंवा तेलाचं इमल्शन (पाण्यात बारीक थेंबांनी मिसळलेलं तेल) खायला द्यावं लागतं. इमल्शन दिलेले रोटिफर धुऊनच टाका, नाहीतर पाण्यावर तेलाचा तवंग धरतो, पिल्लांना हवा गिळता येत नाही आणि वाताशय (अंगातली हवेची पिशवी) फुगत नाही. भारंभार ओतूनही उपयोग नाही. उरलेले रोटिफर काही तासांत स्वतःच उपाशी होतात आणि पिल्लं तेच पोकळ खाद्य खात राहतात.

कोपेपॉड हे बारीक कवचधारी प्राणी; त्यांची नॉप्ली, म्हणजे अंड्यातून निघालेली पहिली अवस्था, पोषणात सरस. डीएचए फॉस्फोलिपिड या मेदात असल्यामुळे पचायला सोपं, झटके देत पोहतात म्हणून नजरेत भरतात, आणि बऱ्याच जातींची १०० मायक्रॉनच्या आत असतात. ग्रूपर माशासारख्या बारीक तोंडाच्या पिल्लांसाठी तीच हवीत. पण कोपेपॉडांतल्या कॅलेनॉइड गटाच्या जाती दाटीत वाढत नाहीत, शिवाय जिवंत शैवाल मागतात. सगळी टाकी त्यांच्यावर चालवायचा हट्ट नको. पहिले काही दिवस रोटिफरसोबत द्या.

आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा छोटा जीव) हा बहुतेकांचा पहिला घास नव्हेच: नुकती फुटलेली नॉप्लीच ४०० ते ५०० मायक्रॉन. २८ अंशांना सुमारे २४ तासांत फुटतात. लगेच द्या, कारण ती स्वतःचाच बलक जाळत असतात. इमल्शन पाजायचं तर पहिली कात टाकून तोंड उघडल्यावर, साधारण ८ तासांनी. जिताड्याला आधी रोटिफर, मग आर्टेमिया एवढं पुरतं.

खाद्य दिल्यावर तासाभराने दहा-पंधरा पिल्लं सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. आतड्यात रोटिफरचे जबडे ओळखू येतात. पोट खपाटीला आणि डोकं अंगापेक्षा मोठं दिसलं तर उपासमार चालू आहे. टाकीत खाद्य असूनही आतडी रिकामी असतील, तर खाद्य वाढवू नका. आधी खाद्याचा आकार आणि टाकीवरचा उजेड तपासा.