जुन्या फ्लॅटच्या फटी: कुठली पट्टी घ्यावी, कुठली फट राहू द्यावी

एसी लावला की जुन्या फ्लॅटच्या फटी डोळ्यांत खुपू लागतात. सागवानी चौकटी वाकलेल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांतले ब्रश झिजलेले, दाराखाली बोटभर जागा. त्या बुजवायला बाजारात तीन प्रकारचा माल मिळतो आणि तिन्हींची लायकी सारखी नाही.

सगळ्यात जास्त खपतो तो दाराखालचा फोमचा दुहेरी लोड. शंभर-दोनशे रुपयांत येतो, कात्रीने कापून दाराखाली सरकवला की झालं. आमच्या मते हाच सगळ्यात वाईट. शहाबादी फरशीच्या उंचसखलपणावर तो अडतो, पुसायच्या फडक्याचं पाणी पितो आणि पावसाळ्यात आतून काळा पडतो. पण खरी तक्रार निराळी आहे. बेडरूमच्या दाराला तो लावूच नये.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. 10 बाय 12 फुटांच्या, 10 फूट उंच खोलीत सुमारे 34 घनमीटर हवा मावते. झोपलेली दोन माणसं तासाला 25 लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. खोली पूर्ण बंद असेल तर दर तासाला सातशे पीपीएमची (दहा लाख भागांत सातशे भागांची) भर पडते. सकाळी डोकं जड होतं आणि दोष एसीच्या थंडीला दिला जातो. हे प्रमाण हजाराच्या आसपास ठेवायचं तर तासाला 40 घनमीटर ताजी हवा लागते. खिडक्यांना पट्ट्या लावल्या असतील तर दाराखालची 12 मिमीची फट तशीच ठेवा, आणि दारावरच्या जुन्या व्हेंटिलेटरला पुठ्ठा ठोकला असेल तर तो काढा. पूर्वीच्या गवंड्यांनी तो शोभेला ठेवला नव्हता. मात्र या वाटेने येते ती घरातलीच हवा, म्हणून हॉलची एखादी खिडकी बोटभर उघडी हवी.

दुसरा माल म्हणजे सरकत्या खिडकीची वूल पाइल, म्हणजे ब्रशपट्टी. पैसे खर्चायचे तर इथे. धूळ बरीच अडते, खडखड थांबते, हवा थोडी झिरपत राहते, आणि तेच बरं. जुन्या पट्टीचा तुकडा खाचेतून काढून खिडक्यांचे अ‍ॅल्युमिनियम सेक्शन विकणाऱ्या दुकानात न्या. रुंदी जुळली तरी केसांची उंची एक-दोन मिलिमीटर जास्त झाली की पल्ला सरकत नाही. चार बाय चार फुटी, दोन पल्ल्यांच्या खिडकीला दोन्ही अंगांनी लावायची तर 15 मीटर लागते. चिकटवायची मिळते ती घेऊ नका, खाचेत सरकवायचीच घ्या आणि टोकाला खाच पक्कडीने जराशी दाबा, नाहीतर पट्टी ओघळते. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायची भोकं असतात. कारागीर उत्साहाने त्यांतही सिलिकॉन भरतो आणि पहिल्याच मोठ्या पावसात ट्रॅक भरून पाणी घरात येतं.

तिसरी, डी-आकाराची चिकट रबरपट्टी, मुख्य दाराला उत्तम. चौकटीच्या खाचेत, दार जिथे टेकतं तिथे लावायची. पोपडे खरवडा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या. भर पावसाळ्यात ती धरत नाही, शिवाय लाकूड फुगलेलं असल्याने मापही चुकतं. फटीपेक्षा फार जाड पट्टी घेतली तर कडी लागत नाही आणि रोज दार ढकलून बिजागरीचे स्क्रू ढिले होतात.

आता बाथरूमचा सहा इंची एक्झॉस्ट पंखा. तो तासाला दोनशे घनमीटरच्या पुढे हवा ओढू शकतो, पण ती आत यायला वाट हवी. सगळं बुजवलं की पंखा नुसता घोंघावतो आणि हवा मिळेल तिथून खेचतो: डक्टमधून, पाणी आटलेल्या फ्लोअर ट्रॅपमधून, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या सांध्यातून. ‘पट्ट्या लावल्यापासून गटाराचा वास येतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. बंद केल्यावर आपोआप मिटणाऱ्या झडपांचा पंखा घ्या.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर मात्र पट्टी, पंखा सगळं नंतर. सहा लिटरचा गीझर पाव तासात पाव किलोच्या आसपास गॅस जाळतो आणि त्याला सुमारे 3 घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटी, आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवा साडेपाच घनमीटरही नसते. लूव्हरच्या, म्हणजे खिडकीतल्या तिरक्या, काचांवर थंडीसाठी प्लास्टिक लावलं की ज्योत गुदमरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. पंखाही इथे तारणहार नाही, आत यायला वाट नसेल तर तो गीझरचा धूर उलटा खाली ओढतो. गीझर बाहेर, उघड्या गॅलरीत न्यावा, तोवर लूव्हर उघडे आणि दाराखाली फट हवीच.

पट्ट्या लावून झाल्या की खिडक्या मिटून पंखा सुरू करा आणि पेटलेली उदबत्ती एकेका फटीशी धरा. खिडकीशी धूर किंचित आत झुकला तर ठीक. फ्लोअर ट्रॅपच्या जाळीशी तो वर उसळला तर आधी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि लावलेल्यांतली एक पट्टी काढून टाका.