मितुतोयो, चायना आणि एक तोतया

माझ्या टेबलाच्या खणात सध्या तीन डिजिटल व्हर्निअर (जबड्यात नग धरून माप घ्यायचं हत्यार) आहेत. एक जपानी मितुतोयो कंपनीचा, एक चिनी, आणि एक जपानी नाव लावून आलेला चिनी. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला होता, तसा हा आमच्या उद्यमनगरातला तोतया. तिन्ही स्वतःच्या पैशानं घेतलेत आणि चौदा महिने तिन्हींवर काम केलंय.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं मशिनशॉप आहे. दोन लेथ, एक जुनी सीएनसी (संगणकावर चालणारं मशिन), एक ड्रिलिंग. शिरोलीच्या फाउंड्रीतून कास्टिंग (ओतीव भाग) येतात, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून परत पाठवतो. पंपाचे भाग, बेअरिंग हाउसिंग, असलं काम. कामाला चौघं, त्यात माझे सख्खे मामा. वय ६९, लेथवर उभं राहून ४५ वर्षं झाली. मामा अजून थौमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, बोलतात. "दोन थौ काढ अजून" म्हणाले की नवी पोरं माझ्या तोंडाकडं बघतात, आणि मी मनात पंचवीसनं गुणून मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) सांगतो.

जाणकार हसायच्या आत एक कबूल करतो. बेअरिंगचा बोअर, म्हणजे ते बसायचं भोक, कुणी शहाणा माणूस व्हर्निअरनं मोजत नाही. ६२ मिलिमीटरच्या एच-सेव्हन (ठरलेल्या सुटीची एक प्रत) बोअरला वरती ३० मायक्रॉनची सूट, खाली शून्य. तिथं बोअर गेजच पाहिजे. व्हर्निअर असतो तो लांबी, खांदा, स्टेप आणि ढोबळ व्यासासाठी. पण दिवसभरात हातात सगळ्यात जास्त वेळा तोच येतो, त्यामुळं तो खोटं बोलायला लागला की कळायला उशीर होतो.

पहिला घेतला चिनी, ११५० रुपयांना. दुकानदार म्हणाले, "पाव्हणं, चायना हाय, पण चांगला चायना हाय." ही 'चांगला चायना' नावाची जात आमच्या बाजारात गेल्या दहाएक वर्षांतली. त्याआधी चायना म्हणजे चायना, त्यात प्रतवारी नव्हती. जपानी मितुतोयो (आमच्याकडं सगळे मिटुटोयो म्हणतात) दीडशे मिलिमीटरचा, ॲब्सोल्यूट, सात हजारांच्या आतबाहेर पडला. तोतया ऑनलाइन घेतला २९०० ला. त्या किमतीलाच माझ्या डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. लोभ, दुसरं काय.

मित्राकडनं स्लिप गेजचा (अचूक मापाच्या ठोकळ्यांचा) सेट एका रविवारसाठी मागून आणला. १०, ५० आणि १०० मिलिमीटर, प्रत्येक गेज दहा-दहा वेळा मोजला, हात कोरडे, जबडे पुसलेले. जपानी प्रत्येक वेळी मिलिमीटरच्या एका शतांशाच्या आत. चिनी दोन शतांशांच्या आत, फक्त एकदा तीन दाखवले. मी चायनाला नापास करायच्या तयारीनंच बसलो होतो, त्यामुळं जरा ओशाळलो. सहापट किमतीत एवढाच फरक? तोतया मात्र १०० च्या गेजवर कधी चार, कधी सात शतांश चुकत होता, आणि चुकण्यातही त्याचा एक नेम नव्हता.

मग पावसाळा आला आणि कोरड्या हातांची परीक्षा संपली. एका कामात १८ मिलिमीटरचा खांदा होता, सूट पाच शतांश इकडं, पाच तिकडं. पोरगं कूलंटनं (मशिनवर सोडायचं थंड पाणी) भिजलेल्या हातांनी चिनी व्हर्निअर लावत होतं. मध्येच कधीतरी आकडा गपचूप सहा शतांशांनी सरकला. जबडे मिटल्यावर शून्य यायला पाहिजे, तिथं ०.०६. हे दिसेपर्यंत १४० नग उतरून झाले होते. गिऱ्हाइकानं लॉट परत केला आणि वाहतुकीचं बिलही माझ्याच माथी मारलं. मामा एवढंच म्हणाले, "कोरड्यात समदेच पैलवान असत्यात."

कारण नंतर कळलं. स्वस्त डिजिटल व्हर्निअरची पट्टी विजेच्या धारकतेवर चालते. जबडा शून्यापासून किती सरकला हे तो मोजत जातो, आणि मध्ये तेल-पाण्याचा थर आला की मोजणी चुकते. एकदा चुकली की पुढचे सगळे आकडे चुकलेलेच. मितुतोयोच्या या मॉडेलमध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणारा सेन्सर आहे, पट्टीवरच्या ओलीचा त्याला फरक पडत नाही. आणि ॲब्सोल्यूट म्हणजे बंद करून, जबडा सरकवून परत चालू केला तरी आपण कुठं आहोत हे त्याला माहीत असतं. तोतयावरही 'ॲब्सोल्यूट' छापलंय. बंद करून जबडा सरकवला की गडी सगळं विसरतो.

सेलचंही तसंच. चिनी दर तीन महिन्यांनी सेल खातो, कारण पडदा विझला तरी आतलं सर्किट जागंच असतं. जपानीतला मूळ सेल चौदा महिने झाले, अजून चाललाय.

इथपर्यंतचं वाचून कुणाला वाटेल की हा गडी जपानचा भक्त. तर आमच्या घरातली गोष्ट ऐका. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते, समोर जपानी. ते 'जपानी' हा शब्द दोनच अर्थांनी वापरायचे: एक म्हणजे मागं न सरणारा शत्रू, दुसरा म्हणजे चार दिवसांत मोडणारा बाजारातला माल. खेळणं मोडलं की म्हणायचे, "जपानी हाय, टाकून दे." ते उगाच बोलत नव्हते. १९३३ मध्ये स्वस्त जपानी कापडाचा इथं एवढा पूर आला होता की सरकारनं ब्रिटनबाहेरच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसवली. उलट जपाननं आपल्याकडचा कापूस घेणं बंद केलं. शेवटी वाटाघाटी करून जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला. मितुतोयो त्याच १९३४ सालातली. संस्थापक येहान नुमाता, बौद्ध धर्मप्रसारासाठी पैसा उभा करायचा म्हणून मायक्रोमीटर बनवायला लागलेला माणूस. आजोबांच्या लेखी मोडकी खेळणी बनवणाऱ्या देशात एक जण एका थौहूनही बारीक मापाच्या मागं लागला होता.

आता माझा मुलगा तेच वाक्य म्हणतो, फक्त देश बदलून. आणि मला भीती वाटते की आजोबा जसे त्यांच्या म्हातारपणी चुकीचे ठरले, तसा हाही ठरणार. मला वाटतं, म्हातारपणाच्याही आधी.

कारण चीन हे सगळं जपानकडनंच शिकला, आणि तेही आधी जपानकडून मार खाऊन. १८९४-९५ च्या युद्धात जपाननं चीनला हरवून तैवान घेतलं, १९३१ ला मांचुरिया, १९३७ पासून उघड युद्ध. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून तिकडं गेले ते चिनी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ ला तिथंच वारले. म्हणजे सोलापूरचा डॉक्टर आणि आमच्या घरातला शिपाई एकाच शत्रूपुढं उभे होते, आणि तेव्हा चीन आपल्या बाजूचा होता. १९६२ नंतर आमच्या वडिलांना हे सांगून पटायचं नाही.

तरी ऑक्टोबर १९७८ मध्ये डेंग शियाओपिंग टोकियोला गेले. मैत्री कराराच्या कागदांची देवाणघेवाण होती, पण बघितलं काय, तर निस्सानचा मोटारींचा कारखाना, मात्सुशिताचा टीव्हीचा कारखाना आणि किमित्सूचा पोलाद कारखाना. त्याच डिसेंबरात शांघायजवळ बाओशानचा पोलाद प्रकल्प सुरू झाला, किमित्सूचा नमुना समोर ठेवून, निप्पॉन स्टीलच्या मदतीनं. पुढच्या वर्षापासून जपाननं चीनला विकास कर्जं द्यायला सुरुवात केली आणि ती मदत या ना त्या रूपात चार दशकं चालली. शेजाऱ्याला लेथ शिकवायचा आणि त्यानं समोरच्याच गाळ्यात दुकान टाकायचं, हे उद्यमनगरात आम्ही रोज बघतो. शिकवणाऱ्याचा राग समजतो, पण शिकणाऱ्याची काय चूक? १९६८ पासून जपान जगातली दुसऱ्या क्रमांकाची भांडवली अर्थव्यवस्था होता. २०१० मध्ये चीन त्याच्या पुढं गेला. २०२३ मध्ये मोटारींच्या निर्यातीतही.

त्याच २०१० च्या सप्टेंबरात सेन्काकू बेटांजवळ, ज्यांना चिनी लोक द्याओयू म्हणतात, एका चिनी मासेमारी बोटीची जपानी गस्ती नौकांशी टक्कर झाली आणि जपाननं बोटीच्या कप्तानाला पकडलं. मग चीनकडून जपानला जाणारी दुर्मिळ मृदा खनिजं काही आठवडे अडून राहिली. यात आमच्यासारख्यांना काय? सीएनसीची चाल सांभाळणाऱ्या सर्व्हो मोटरमधला जोरदार चुंबक. तो निओडिमियमचा (याच दुर्मिळ मृदांपैकी एक) चुंबक १९८२ मध्ये जपानी शास्त्रज्ञ मासातो सागावा यांनी शोधून काढला. आज त्या चुंबकांचं जगातलं बहुतेक उत्पादन चीनमध्ये होतं. शोध याचा, माती त्याची. जपाननं त्यातून धडा घेऊन ऑस्ट्रेलियातल्या लायनस कंपनीत पैसा घातला आणि चीनवरचा भार नव्वद टक्क्यांवरून साठच्या आसपास आणला. तरी साठ म्हणजे थोडं नव्हे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीननं अशी सात मूलद्रव्यं निर्यात परवान्याखाली आणली, तेव्हा शिरोलीच्या चहाच्या टपरीवर मी पहिल्यांदा लोकांना मॅग्नेटवर वाद घालताना ऐकलं. एरवी तिथं विषय दोनच: उसाचा दर आणि फुटबॉल.

मला या दोघांच्या स्पर्धेचा सगळ्यात स्पष्ट नमुना वाटतो तो इंडोनेशियातला. जकार्ता ते बांडुंग वेगवान रेल्वे. जपाननं वर्षानुवर्षं अभ्यास केला होता, पण त्यांना इंडोनेशियाच्या सरकारची हमी हवी होती. चीन म्हणाला, हमी नको. २०१५ मध्ये काम चीनला गेलं. खर्च ठरल्यापेक्षा शंभर कोटी डॉलरहून जास्त वाढला, उशीर झाला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये १४२ किलोमीटरची गाडी धावायला लागली. आपल्याकडं जपानी पद्धतीच्या मुंबई-अहमदाबाद गाडीची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली. कर्जावर व्याज ०.१ टक्का, फेड ५० वर्षांत, म्हणजे जवळपास फुकट. पण जकार्ताच्या गाडीत माणसं बसली तेव्हा आपले खांबच उभे राहत होते. हेच मला दुकानात दिसतं. चिनी माल आज संध्याकाळी हातात, सेलचा खर्च पुढं. जपानी मालाला मी तीन आठवडे थांबलो होतो.

आणि यांना एकमेकांशिवाय करमतही नाही. मितुतोयोचा चीनमध्ये सुझौला कारखाना आहे. जगात दरवर्षी बसणाऱ्या औद्योगिक रोबोंपैकी निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये बसतात, त्यात पिवळे जपानी फानुकही आले. माझ्या जुन्या सीएनसीचा कंट्रोल जपानी आहे, त्याचा पंखा गेला तेव्हा बदली मिळाला तो चिनी, ३५० रुपयांत, दोन वर्षं झाली, तक्रार नाही.

तर घ्यायचा कुठला? फायनल इन्स्पेक्शनच्या टेबलावर जपानी, यात माझ्या मनात शंका नाही. एक लॉट वाचला की पैसे वसूल. शिकणाऱ्या पोराच्या हातात, लाकूडकाम, प्लंबिंग, कोरडं काम, घरगुती वापर, तिथं चिनी बिनधास्त घ्या. फक्त दर वीस नगांनंतर जबडे पुसून, मिटून शून्य बघायची सवय लावा. आम्ही मशिनवर तसा खडूनंच लिहून ठेवलाय. चिनीला मी पाचपैकी साडेतीन देईन. ते साडेतीन दहा वर्षांपूर्वी दोन असते. जपानीला साडेचार, अर्धा गुण किमतीसाठी कापला.

तोतयाबद्दल: डबा अस्सलसारखा, चकचकीत स्टिकरसुद्धा. अंगठ्याखालचं चाक फिरवून बघा, खऱ्याचं लोण्यासारखं फिरतं, याचं वाळू अडकल्यागत. आकड्यांची छपाई नखानं खरवडून बघा. विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला, फोटो पाठवले तर उत्तर देणंच बंद केलं. घ्यायचा तर ओळखीच्या दुकानातून, बिल आणि कॅलिब्रेशनच्या कागदासकट घ्या. आणि सेल बदलताना एसआर-४४ मागा. दुकानदार एलआर-४४ पुढं करतात, दिसायला तोच, बसतोही तसाच, पण लवकर उतरतो.

तोतया मी भंगारात टाकणार होतो, मामांनी ठेवून घेतला. मामांच्या खिशात अजून १९८६ सालचा बिनसेलचा, घासून आकडे पुसट झालेला साधा व्हर्निअर असतो. नवीन पोरगं कामाला आलं की ते एकच नग त्याच्याकडून आधी तोतयानं मोजून घेतात, मग स्वतःच्या व्हर्निअरनं, आणि काहीच न बोलता दोन्ही आकडे लेथच्या कव्हरवर खडूनं लिहितात.