जुनी सरकारी सेवा: पाडून नवी, की एकेक पान बदलून?

जुनाट ऑनलाइन सेवा सुधारायची आहे, पण खात्यात दोन तट पडलेत, असं एका मैत्रिणीने कळवलं. 'अत्याधुनिक', 'जागतिक दर्जाचं' वगैरे सादरीकरणातले शब्द बाजूला ठेवू.

खर्चात उन्नीस-बीस. नवी बांधली तर पैसा एकदम जातो. टप्प्याटप्प्याने केलं तर जुनं आणि नवं दोन्ही सांभाळावं लागतं, आणि हा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरतच नाही.

जोखीम मात्र सारखी नाही. अमेरिकेचं हेल्थकेअर डॉट गव्ह, म्हणजे आरोग्य विमा घेण्याचं सरकारी संकेतस्थळ, २०१३ मध्ये एका दिवसात सगळ्यांसाठी उघडलं आणि त्या दिवशी जेमतेम सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. एक पान फसलं तर निदान तेवढंच मागे घेता येतं.

खरी परीक्षा वापरणाऱ्यांची. स्क्रीन रीडर (दृष्टिहीनांना पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) नाव न दिलेल्या प्रत्येक चित्राच्या बटणाला नुसतं 'बटण, बटण' म्हणतो, हळू टाइप करणाऱ्याचं सेशन संपून भरलेला अर्ज कोरा होतो, फिकट राखाडी अक्षरं दिसत नाहीत (साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक, हवा). यातलं बरंचसं पानापानाने सुटतं. पण आडनाव सक्तीचं असेल, तर एकच नाव असलेला माणूस तिथेच अडकतो, आणि ती अट डेटाबेसात खोल बसलेली असू शकते. वरून रंग देऊन ती जात नाही.

तेव्हा त्रास पडद्यावरचा असेल तर एकेक पान, सर्वांत जास्त अर्ज जिथे अर्धवट सुटतात तिथून. नियम आणि डेटाच चुकीचा असेल तर नवी बांधा, पण जुनी लगेच बंद करू नका.