कपाटात काय असावं: चालू फॅशन की वर्षानुवर्षं चालणारे कपडे?

एका हातात या मोसमात सगळीकडे दिसणारी पँट आणि दुसऱ्या हातात साधी, सरळ पायाची पँट असेल, तर बहुतेक जण रंग आणि किंमत बघून ठरवतात. त्याआधी कपडा बेतलाय कसा, ते बघायला हवं. कपडा जुनाट दिसायला लागतो तो रंगामुळे कमी आणि बेतण्यामुळे जास्त. कॉलरची टोकं किती लांब, खांद्याची शिवण कुठे येते, पँटची कंबर किती वर, बॉटम किती रुंद, अशा चार-पाच मापांवर त्या त्या काळाचा शिक्का असतो. चालू फॅशनचा कपडा यांतलं एखादं माप टोकाला नेतो. त्यामुळेच तो पहिल्या दिवशी उठून दिसतो आणि लाट ओसरली की त्याच मापामुळे नकोसा होतो. टिकणारा कपडा मधल्या मापावर राहतो, म्हणून लाट कुठेही गेली तरी तो फार लांब पडत नाही.

माझा कल या दुसऱ्या कपड्याकडे आहे, हे आधीच सांगते.

जे कपडे पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यांतले कितीतरी कामासाठी बनले होते. कष्टकऱ्यांच्या पँटचे खिसे सारखे उसवत म्हणून शिंपी जेकब डेव्हिस यांनी तिथे धातूचे रिव्हेट (छोट्या गोल खिळ्या) ठोकले आणि कापडाचे व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत १८७३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आडव्या पट्ट्यांचा बनियन १८५८ मध्ये फ्रेंच नौदलाच्या गणवेशात आला. टी-शर्टही आधी नौसैनिकांचा आतला कपडा होता. हात मोकळा हलला पाहिजे, खिसा टिकला पाहिजे, धुऊन लवकर वाळला पाहिजे, या गरजा अजूनही तशाच आहेत.

उलट बाजूचं उदाहरण स्कर्टच्या लांबीचं. १९४७ मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर क्रिस्तियन दिओर यांनी बारीक कंबर आणि पोटरीपर्यंत उतरणारा घेरदार स्कर्ट आणला. १९६० च्या दशकात मिनीस्कर्ट आला आणि तीच किनार गुडघ्याच्या कितीतरी वर गेली. वीस वर्षांच्या आत एक पूर्ण फेरा. याउलट १९२६ मध्ये फ्रेंच डिझायनर कोको शानेल यांचा साधा काळा ड्रेस ‘व्होग’ मासिकात छापून आला तेव्हा त्याची तुलना फोर्डच्या मोटारीशी झाली होती, म्हणजे कुणालाही चालेल असा. तसा ड्रेस आजही बिनदिक्कत घालता येतो.

पण नुसत्या नावावर विसंबू नका. जीन्स कायमची, असं आपण म्हणतो. तरी १९७० च्या दशकातली बेलबॉटम, २००० च्या सुमाराची कंबरेखाली उतरलेली आणि त्यानंतरची पायाला चिकटलेली, या तिन्ही जीन्सच होत्या आणि तिन्हींवर त्यांचं त्यांचं वर्ष लिहिलेलं आहे. ‘क्लासिक’ अशी चिठ्ठी लावून विकला जाणारा कोटही खांदे अवाजवी उतरते असतील तर फॅशनचाच कोट आहे.

आता खर्च. समजा फॅशनचा टॉप एक पट किमतीचा आणि साधा, चांगल्या कापडाचा शर्ट चौपट. टॉप आठ वेळा घातला तर दर वेळेला किमतीचा आठवा हिस्सा पडला. शर्ट एकशेवीस वेळा घातला तर दर वेळेला त्याच टॉपच्या किमतीचा फक्त तिसावा हिस्सा. मात्र तोच शर्ट ‘चांगला आहे, जपून वापरू’ म्हणत दहा वेळाच घातला, तर हिशेब उलटा फिरतो आणि टॉप स्वस्त पडतो. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. टिकाऊ कपडा घेऊन कपाटात जपून ठेवणं हा सगळ्यांत महागडा पर्याय आहे. म्हणून घेण्याआधी गेल्या वर्षभरात आपण खरोखर काय घातलं ते आठवा, आणि त्याच्या जवळचं घ्या.

महाग म्हणजे टिकाऊ असंही नाही, त्यामुळे कपडा उलटा करून बघाच. आत शिवणीला पुरेसं मार्जिन सोडलंय का? असेल तर पुढे वजन वाढलं तरी तो सैल करता येतो. शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणली की टाक्यांमधून उजेड दिसतो का? पट्टे किंवा चौकडी बाजूच्या शिवणीवर जुळतात का? सुती-पॉलिएस्टर मिश्रणावर काही धुण्यांनंतर गोळे येतात, कारण सुटलेले तंतू गुंडाळले जातात आणि पॉलिएस्टरचे मजबूत धागे ते गोळे गळू देत नाहीत. खूप ताणणाऱ्या पँटमधलं इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणला जाणारा धागा, उष्णतेने मरतं आणि गुडघ्याला फुगा येतो. अशी पँट गरम पाण्यात आणि ड्रायरमध्ये टाकू नका.

जगाच्या बाजूने पाहिलं तर पारडं स्पष्ट झुकतं. एका सुती टी-शर्टमागे साधारण २,७०० लिटर पाणी लागतं, असा अंदाज नेहमी दिला जातो. वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहून कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक लोक गेले. आदल्या दिवशी तडे दिसूनही कामगारांना कामावर बोलावलं होतं. तिथे परदेशी ब्रँडचे कपडे शिवले जात. स्वस्त आणि लगेच हवं, या मागणीचा भार शेवटी शिवणाऱ्यावर पडतो.

फॅशनचा आनंद खोटा आहे असं मी म्हणणार नाही. नवा रंग, नवी छपाई अंगावर आली की मन खुलतं. तो आनंद स्कार्फ, कानातलं, पट्टा, फार तर एखाद्या टॉपमध्ये घ्या. कोट, पँट आणि बूट मात्र मधल्या मापाचे असू द्या. आणि टिकणारं म्हणजे काळं-पांढरं-करडंच, हा गैरसमज सोडा. गडद मरून किंवा बाटली-हिरवा तुम्हाला शोभत असेल तर तोच तुमचा कायमचा रंग.

काही जणांना मात्र मी आत्ता टिकाऊ कपडे घ्या असं सांगणार नाही. वाढत्या वयाची मुलं, बाळंतपणाच्या आगेमागे असलेल्या स्त्रिया, आजारपणामुळे वजन वरखाली होणारे लोक यांनी मापाचा महागडा कोट शिवून घेऊ नये. उसने, वापरलेले किंवा भाड्याचे कपडे त्यांना जास्त सोयीचे पडतील. शरीर एका मापावर स्थिरावलं की मग कापडावर खर्च करा.