जेन एअर, पेपरबॅक: घ्यायची तर संपूर्ण आवृत्तीच घ्या

नागपूरला बर्डीवर एकाच दुकानात शार्लट ब्राँटेच्या या इंग्रजी कादंबरीच्या दोन कॉपी होत्या, एक पातळशी संक्षिप्त अन् एक ही जाडजूड, सगळ्या ३८ प्रकरणांची. मी जाडी घेतली, तुम्हीही तीच घ्या. संक्षिप्तवाल्यात चाळून पाहिलं तर नुसती लव्हस्टोरी उरली होती, धर्माचा भाग जवळपास सगळा उडवलेला, आणि माझ्या मते खरी कादंबरी तिथंच आहे.

ब्रॉकलहर्स्ट, जेनची शाळा चालवणारा पाद्री, सगळ्यांच्या लक्षात राहतो. अनाथ मुलींच्या शाळेत येऊन एका पोरीचे जन्मजात कुरळे केस कापायचा हुकूम सोडतो, साधेपणावर भाषण देतो, अन् ते चालू असतानाच त्याची बायको-मुली मखमल, रेशीम, फर घालून आत येतात! शार्लट ब्राँटे स्वतः पाद्र्याची मुलगी, तिच्या दोन मोठ्या बहिणी अशाच शाळेतून आजारी होऊन घरी आल्या अन् १८२५ मध्ये गेल्या, म्हणून तो राग इतका आतून येतो.

पण ढोंगी माणूस ओळखता येतो नं. मला हलवलं ते सेंट जॉन नावाच्या तरुण पाद्र्यानं. तो अगदी खरा आहे, देवासाठी सगळं सोडून भारतात मिशनरी म्हणून निघालेला, नायिका जेनला जर्मन सोडून हिंदुस्थानी शिकायला लावतो अन् मग म्हणतो लग्न कर, प्रेम वगैरे काही नाही, तू कामाची आहेस म्हणून. ती म्हणते बहीण म्हणून येते, बायको म्हणून नाही. तो देवाचं नाव घेऊन मागेच लागतो आणि ती जवळजवळ हो म्हणते, वाचताना अक्षरशः धडधडतं. जिचं ज्याच्यावर प्रेम त्या रॉचेस्टरची बायको जिवंत आहे कळल्यावर देवाच्या आधारानं त्याला सोडणारी हीच जेन, आता देवाच्या नावानं मागणाऱ्यालाही नाही म्हणते. तरी शेवट मात्र सेंट जॉनच्याच पत्रावर होतो, किती मोठं मन लेखिकेचं!

आपल्या नागपूरच्या वाचकाला हा माणूस परका वाटू नये. कादंबरी आली १८४७ ला, अन् ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ पासूनच इथं मिशनचं काम करून राहिले होते.

बायबलचे संदर्भ मागे टिपांमध्ये नीट दिलेत, त्याचा खूप उपयोग झाला. टाइप मात्र फार बारीक आहे अन् बाइंडिंग मधातून सुटायला लागलं, चष्मा असेल तर थोडे जास्त पैसे देऊन हार्डकव्हर बघा.